बारा, दाटीवाटीने चौदा

आमच्या नेरळात सगळ्यात सुंदर अक्षर माझं आहे. माझं मीच सांगतेय म्हणून नाक मुरडू नका, हवं तर पोस्टमास्तरांना विचारा. शीर्षरेषा अशी सरळ की तिच्यावर धुणं वाळत घालावं. शाईचा डाग नाही, खाडाखोड नाही. आणि या अक्षरापायीच गेल्या माघात गावाची इमारत, विमलबाईंची शाळा आणि माझं स्वतःचं पुढचं सगळं, असं तिन्ही एकदम खड्ड्यात जायची वेळ आली होती.

आधी माझं सांगते. मी जिजा. पाचवी मी त्याच्या आदल्याच साली पास झाले होते आणि तेव्हा पुन्हा पाचवीतच बसले होते. नापास बिपास नाही हं! आमची मुलींची शाळा तेव्हा पाचवीलाच संपायची. पुढे सहावी-सातवी करून फायनलच्या परीक्षेला बसायचं तर वर्ग हवेत, वर्गांना जागा हवी, आणि आम्हा त्रेचाळीस मुलींची जागा म्हणजे मारुतीच्या देवळाचा सभामंडप. देव बिचारा ब्रह्मचारी, आणि त्याच्यासमोर त्रेचाळीस पोरी गळा काढून पाढे म्हणणार. शनिवारी तेल घालणाऱ्यांची गर्दी म्हणून सुट्टी. कुणाचा नवस फिटला की सुट्टी. पाऊस तिरपा आला तरी सुट्टी.

बाबांनी मला सरळ सांगून ठेवलं होतं, "सहावी निघाली तर शीक. नाय निघाली तर शेलूवाल्यांना हो म्हनतो." शेलूला एक घर होतं. त्या घरात दोन बैलजोड्या, विहीर आणि एक मुलगा होता. आई सांगताना याच क्रमानं सांगायची. शारदा कायद्यामुळे चौदा पूर्ण होईपर्यंत मला कुणी बोहल्यावर चढवू शकत नव्हतं, पण माझी चौदा येत्या चैत्रातच पूर्ण होत होती. कायदा तरी किती पुरणार!

आता इमारतीचं. स्टेशनाच्या पलीकडे, डोंगराच्या वाटेला लागताना, उंच दगडी जोत्याची एक लांबलचक इमारत आहे. पूर्वी माथेरानला जाणारे साहेबलोक आगगाडीतून उतरले की तिथून तट्टू भाड्यानं घ्यायचे. मग डोंगरावर छोटी गाडी सुरू झाली, लोक गाडीत बसून वर जायला लागले, आणि मालकानं तट्टं विकून टाकली. इमारत पंचायतीला देऊन तो मुंबईला निघून गेला. ती आमची पागा. तेव्हा तिची निम्मी कौलं गेलेली, आत गावाचा पेंढा, कुणाच्या तरी शेळ्या आणि एका टोकाला खाटेवर धाकलूआजा. धाकलूआजा तिथला मोतद्दार, म्हणजे तट्टांना खरारा करणारा, दाणापाणी बघणारा. तट्टं गेली, पगार गेला, तो काही गेला नाही.

माघात जिल्हा बोर्डाचं पत्रक आलं. मुलींच्या शाळेसाठी एखादी जुनी इमारत दुरुस्त करायची असेल तर ग्रँट मिळेल. इमारतीत निदान चाळीस मुलींची सोय पाहिजे. सोबत छापील फॉर्म. जागा झाली तर सहावीचा वर्गही मंजूर होईल, असं विमलबाईंनी मला कानात सांगितलं तेव्हा मी देवळातच उडी मारली आणि घंटा वाजली.

त्या पागेचं काय करायचं यावर पंचायतीत दहा वर्षं भांडण चाललं होतं. पंचांपैकी लडकूशेठना वाचनालय हवं होतं, कुणाला दवाखाना, आणि सरपंच आबाजीकाकांना आपल्या नावाचा दगड बसवता येईल असं काहीही चालणार होतं. पण ग्रँट फक्त मुलींसाठीच आहे म्हटल्यावर सगळ्यांना एका दिवसात मुलींच्या शिक्षणाची कळकळ सुटली.

फॉर्म बाळबोध लिपीत, म्हणजे छापतात तशा अक्षरात, लिहायचा होता. आमचे पंच मोडी लिहितात, आणि ते असं की दुसऱ्या दिवशी त्यांचं त्यांनाच लागत नाही. विमलबाई म्हणाल्या, "आमच्या जिजाला बसवा." त्यामुळे मी, चौदाला दोन महिने कमी असलेली मुलगी, चावडीत पुरुषमंडळींच्या मधोमध दौत-टाक घेऊन बसले. बाबा खांबाला टेकून उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, पण माझ्याकडे कोण कोण बघतंय ते बघत होते.

चौथा प्रश्न होता : इमारत पूर्वी कोणत्या कामी वापरात होती? मी टाक बुडवला. आबाजीकाका एकदम ओरडले.

"थांब थांब! पागा लिवू नको!"

"मग काय लिहू, काका?"

"अगं, मुली काय तट्टं हायत? पागेत शाळा भरवनार म्हटलं तर अलिबागला पोट धरून हसतील आपल्याला. लिही, डोंगरावर जानाऱ्या उतारूंच्या सोयीसाठी."

"खोटं नाही ना होणार?" विमलबाईंनी विचारलं.

"खोटं कशाला? तट्टू काय माझ्या सोयीसाठी होतं? उतारूंच्याच की!"

मी लिहिलं. 'सोयीसाठी'मधला य काय सुरेख आला होता म्हणून सांगू!

सातवा प्रश्न : सदर इमारतीत किती जणांची सोय आहे? पंचांनी एकमेकांची तोंडं पाहिली. लडकूशेठ म्हणाले, "धाकलूला इचारा. त्याला तिथला इंच न् इंच ठावं." मी फॉर्म घेऊन पळत सुटले, कारण चारच्या टपालात अर्ज पडायला हवा होता.

धाकलूआजा उन्हात बसून एका जुन्या लगामाला करंजाचं तेल चोळत होता. तट्टू नसलेल्या लगामाला!

"आजा, लौकर सांग. इथे किती जणांची सोय होते?"

"बारा," तो मान वर न करता म्हणाला. "दाटीवाटीनं चौदा. पन चौदा केली ना, का येकमेकांना चावतात."

मी तिथेच जोत्यावर फॉर्म ठेवून लिहिलं : बारा, दाटीवाटीने चौदा. चावतात ते लिहिलं नाही, कारण ओळ संपली होती.

तुम्ही म्हणाल, एवढी हुशार मुलगी आणि तिच्या लक्षात कसं आलं नाही? आजा घोड्यांचं सांगतोय हे मला पक्कं ठाऊक होतं. फॉर्म मुलींचं विचारतोय हे मात्र तेवढ्यापुरतं डोक्यातून गेलं. मी चौदाची शीर्षरेषा बघत होते. आबाजीकाकांनी घाईत सही ठोकली, शिक्का उमटवला, आणि अर्ज चारच्या टपालानं गेला.

फाल्गुनात उत्तर आलं. आबाजीकाकांचा चष्मा मोडला होता, म्हणून चावडीत वाचायला मलाच बोलावलं. मी मोठ्या ऐटीत सुरुवात केली. "आपला अर्ज पोहोचला. तथापि सदर इमारतीत आपल्याच लेखी बारा, दाटीवाटीने चौदा, इतक्याच मुलींची..."

तिथे मी अडले.

"पुढं वाच की गं," काका म्हणाले.

पुढे एवढंच होतं, की त्यामुळे ग्रँट देता येत नाही असं दिसतं, तरी सोमवारी ओव्हरसियर जागेची तपासणी करतील आणि त्यांचा शेरा अखेरचा मानला जाईल.

पंच खवळले. "बारा? कोन म्हनतंय बारा?" "अर्जात काय लिवलं होतं?" "बरोबरच लिवलं असनार, पोरीचं अक्षर मोत्यासारखं." "मग तिकडंच कुनीतरी चुकीचं वाचलं." लडकूशेठ म्हणाले की अलिबागच्या खाऱ्या हवेनं शाई पुसते, त्यांच्या मेव्हण्याच्या बाबतीत असंच झालं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मी, जिला सगळं ठाऊक होतं, ती पत्राची घडी घालत बसले. नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

का नाही बोलले? कारण खांबाला बाबा टेकले होते. मला शिकवण्यावरून आमच्या भावकीत बाबांना कोण काय काय बोललं नव्हतं! त्या सगळ्यांना बाबांचं एकच उत्तर असायचं, "पोरगी लिवते ते चुकत नाय." त्या एका वाक्यावर माझी पाच वर्षांची शाळा उभी होती.

सोमवारची तयारी तर विचारूच नका. पेंढा हलवला, शेळ्या ज्याच्या त्याच्याकडे पोचवल्या, जमीन सारवली. इथपर्यंत ठीक होतं. पण आबाजीकाकांच्या डोक्यात उतारूंची सोय बसली होती. "फॉर्मात पागा नाय, तर आतबी पागा दिसता कामा नये." भिंतीतल्या लोखंडी कड्या उपटल्या. गव्हाणी दगडी, त्या काही उपटता येईनात. मग त्यांच्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर चादरी घातल्या, आणि काका म्हणाले, "हे बाकडं." दोन तट्टांच्या मधे जो आडवा वासा असतो, त्या सगळ्या वाशांना पताका गुंडाळल्या. धाकलूआजाची खाट उचलून बाहेर जांभळाखाली नेली आणि त्याला बजावलं, साहेब जाईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही.

आजा तिथे पागेकडे पाठ करून बसला. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाला, "ही उतारूंची धरमशाळा हाय म्हनं. मी धरमशाळेतला कोनी नाय. पानी त्या उतारूंना दे."

साहेब आले ते सकाळच्या गाडीनं, आणि चक्क चालत आले. काकांनी स्टेशनावर दोन हार आणि एक टांगा ठेवला होता, तो टांगा रिकामाच मागून येत राहिला. उंच, सडपातळ, खाकी टोपी, हातात फीत. आम्ही त्रेचाळीस जणी चारचारच्या टोळ्या करून आत बसलो होतो. विमलबाईंनी मुद्दाम तसं बसवलं होतं, कारण प्रत्येक दोन वाशांमधल्या जागेत नेमक्या चौघी मावत होत्या. साहेबांनी कुणाशी काही न बोलता फीत टाकली, लांबी घेतली, रुंदी घेतली, वहीत आकडे मांडले. मग छपराकडे पाहिलं. जोत्याला बुटानं दोनदा ठोकलं.

"सरपंच, या मापानं इथे साठाच्या वर मुली बसतील."

"बसतीलच की साहेब!"

"मग तुम्ही बारा का लिहिलंत?" त्यांनी आमचा अर्ज काढला. लांबूनसुद्धा माझं अक्षर ओळखू येत होतं, इतकं ते चांगलं होतं. "तुमची सही आहे. शिक्का आहे. बारा, दाटीवाटीने चौदा."

अलिबागची खारी हवा आता कुणालाच आठवेना. आबाजीकाका त्या चादरीच्या बाकड्यावर बसले होते, ते जरा सरसावून म्हणाले, "त्याचं असं हाय साहेब... तेव्हाचे उतारू फार मोठे."

"मोठे?"

"ऐसपैस बसायचे. साहेबलोक ते."

"आनि सामान!" लडकूशेठ मदतीला धावले. "येकेकाचं सामान ह्या भिंतीपासून त्या भिंतीपातुर!"

"आणि दाटीवाटीने चौदा?"

"लगीनसराईत," आबाजीकाका म्हणाले.

माझ्या शेजारी बसलेल्या कोंडीनं पदर तोंडात कोंबला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि आवाज खाली आणला. तो खाली आणलेला आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता.

"हे बघा. माझं माप आणि तुमचा अर्ज, बोर्डापुढे दोन्ही जाणार. एवढ्या मोठ्या जागेत गावानं बाराच माणसं सांगितली, त्याचा एकच अर्थ मी लावू शकतो. बाकीचा भाग पडाऊ आहे, हे तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही लपवताय. या पताका, या चादरी, खाली काय दडवलंय मला ठाऊक नाही. माझ्या शेऱ्यावर इथे लहान मुली बसणार. उद्या वासा कोसळला तर? खरं कारण सांगा, नाहीतर मी धोक्याची इमारत असं लिहून साडेअकराची गाडी पकडतो."

माणसं तरी काय बोलणार, त्यांना कारण माहीतच नव्हतं! सगळ्या नेरळात ते एका मुलीला माहीत होतं, आणि तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

मी मागे पाहिलं. दारात बाबा उभे होते, शेतावरून तसेच आलेले, पायाला राबाची, म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या जमिनीची, राख. मी आता बोलले तर बाबांचं ते एक वाक्य संपलं. न बोलले तर पागा संपली, सहावी संपली आणि मी शेलूला. म्हणजे दोन्हीकडून मी शेलूलाच! हे कळलं आणि गंमत अशी की एकदम मोकळं वाटलं. जायचंच आहे तर निदान खोटारडी होऊन तरी कशाला जा?

मी उभी राहिले. "साहेब, ते घोडे आहेत."

"काय?"

"बारा घोडे. म्हणजे तट्टं. मी लिहायला विसरले. अर्ज माझ्या हातचा आहे. किती जणांची सोय म्हणून मी विचारलं, आजानं घोड्यांची सांगितली, आणि मी नुसता आकडा लिहिला. चूक माझी आहे, पंचायतीची नाही."

"गप गं पोरी!" आबाजीकाका कुजबुजले, पण त्यांची कुजबूज स्टेशनापर्यंत जाते.

"घोडे?" साहेब इकडेतिकडे बघायला लागले. "इथे घोड्यांची कसलीच खूण नाही."

"आहे. आबाजीकाका, जरा उठा."

"मी? मी कशाला?"

"तुम्ही गव्हाणीवर बसला आहात."

आता आख्ख्या शाळेला हसू फुटलं. काका उठले, म्हणजे त्यांना उठावंच लागलं, आणि मी चादर ओढली, फळी सरकवली. खाली काळ्या दगडाची गव्हाण, तिच्या कडा तोंड घासून घासून गुळगुळीत झालेल्या. साहेबांनी वाकून हात फिरवला. मग स्वतःच एका वाशाची पताका सोडली. वासा मधोमध कुरतडलेला होता, ओळीनं दातांच्या खुणा.

"एक गव्हाण म्हणजे बारा घोडे होत नाहीत," ते म्हणाले, पण आवाज आता वर आला होता. "बारा होते हे कोण सांगणार?"

मी बाहेर धावले. आजा जांभळाखाली तस्साच, पाठ करून.

"आजा, आत चल. साहेब बोलावतायत."

"मी नाय येत. मी कोन तिथं?"

"आजा, माझ्या गळ्याशी आलंय. चल ना!"

"आधी सांग, ही काय हाय?" त्यानं न बघता अंगठ्यानं मागे दाखवलं.

"पागा."

"मोठ्यानं म्हन."

"पागा! पागा! पागा!" मी एवढ्यांदा ओरडले की फलाटावरच्या भाजीवाल्या बायकाही उठून बघायला लागल्या.

आजा उठला, मुंडासं नीट केलं आणि आत आला. साहेबांकडे त्यानं पाहिलंही नाही. त्यानं दारापाशी उभं राहून पहिल्या जागेकडे बोट केलं. "हे लाडीचं ठान." घोडा जिथे बांधतात ती जागा म्हणजे ठाण. "हे मोत्याचं. हे पठान्याचं. ही काजळ, डाव्या डोळ्यानं अधू, म्हनून तिला भिंतीकडं. हा तुफान, नावाचाच, चढन आली का झोपायचा. ही इथं बिजली, लाथा मारायची, म्हनून तिच्या शेजारी गरीब गाय ठेवली होती."

"गाय?" साहेब म्हणाले.

"घोडीच. नाव गरीब गाय."

आजा पुढे सरकत होता तसा प्रत्येक ठाणातल्या चौघी आपलं नाव काय येतंय म्हणून माना लांब करून बसल्या होत्या. आणि 'टपोरी' म्हणून त्यानं हाक मारली तेव्हा कोंडीला राहवलं नाही. ती हजेरीच्या सवयीनं ओरडली, "हजर, बाई!"

मग काय! पुढच्या ठाणाला "हिऱ्या," "हजर!" त्यापुढे "सावळी," "हजर बाई!" विमलबाई पट्टी आपटत होत्या पण त्यांचे स्वतःचे खांदे हलत होते. अकरा ठाणांत मुली निघाल्या. बाराव्यात रिकामी जमीन होती, खाटेच्या पायांच्या खुणा असलेली. तिथे आजा थांबला. "हे चंदरचं," एवढंच म्हणाला. तिथून खाट हलवल्याबद्दल त्यानं आबाजीकाकांकडे असं पाहिलं की काकांनी खोटंखोटं खोकून घेतलं.

साहेबांनी बारा आकडा वहीत मांडला. मग त्यांनी आजाला एक प्रश्न विचारला, तोही अदबीनं. "बाबा, हे जोतं कधी खचलं होतं का? वासा कधी तुटला?"

"सायेब, बारा तट्टं रातभर खूर आपटायची. बिजलीनं तर ह्या खांबाला रोज दोन लाथा घातल्या, सात वरसं. खांब हालला नाय. त्याला ह्या चिमन्या काय करनार?"

साहेबांनी त्या खांबाला आपणही एक लाथ घालून पाहिली. खांब हलला नाही. तेवढ्यात साहेब हसले, पहिल्यांदाच.

मग म्हणाले, "ज्या मुलीनं अर्ज लिहिला तिनंच दुरुस्ती लिहायची. माझ्यासमोर."

मी गव्हाणीच्या फळीवर कागद ठेवला आणि लिहिलं की सदर इमारत ही पूर्वी तट्टांची पागा होती, तीत बारा तट्टांची व दाटीवाटी केल्यास चौदा तट्टांची सोय होती, पैकी एकेका तट्टाच्या ठाणात चार मुली आज प्रत्यक्ष बसलेल्या आहेत, आणि अर्जातील आकड्यापुढे तट्टे हा शब्द लिहिणारीच्या हातून राहिला. शीर्षरेषा पायवाटेसारखी वर-खाली गेली. माझ्या जन्मात मी इतकं वाईट लिहिलं नाही.

सहीसाठी कागद आबाजीकाकांकडे गेला. ते 'पागा' या शब्दाकडे बघत बसले.

"सरपंच, सही करा," साहेब म्हणाले. "पागेला जे दगडकाम लागतं ते धर्मशाळेला कोण करतो? तुम्ही खरंच धर्मशाळा दाखवली असतीत तर मी दारातूनच परत गेलो असतो."

काका एकदम ताठ झाले. "तेच मी ह्यांना सांगत होतो, साहेब! पागा ती पागा!" आणि अशी सही ठोकली की निब तुटलं.

साहेबांनी काय शेरा लिहिला ते कुणाला दाखवलं नाही. साडेअकराची गाडी मात्र चुकली, कारण आजानं त्यांना तट्टाच्या चौदा खोडी सांगायला धरून ठेवलं होतं.

मंजुरीचं पत्र पुढे ज्येष्ठात आलं, कौलं आली, आणि सहावीही निघाली. ते सगळ्या गावाला माहीत आहे. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे, जेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं.

कारण त्या सोमवारनंतर बाबा माझ्याशी बोललेच नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आई तेवढी मधूनमधून पिठात हात घालून बसल्या बसल्या खुदकन हसायची आणि म्हणायची, "घोडे लिवायचे राहिले म्हने!" बाबा जेवायचे, उठायचे, राबाच्या शेतावर जायचे. चैत्र लागला. मला चौदा पूर्ण झाली. शेलूवाल्यांचा निरोप आला की अक्षय्यतृतीयेच्या आत हो-नाय कळवा, दुसरीकडूनही विचारणं चाललंय. अलिबागहून काहीही नाही. मी रोज पोस्टात जाऊन पोस्टमास्तरांचं डोकं खायची.

एका संध्याकाळी बाबा पोस्टकार्ड घेऊन आले आणि माझ्यापुढे टाकलं. "शेलूला लिव."

मी टाक घेतला. काही दिसत नव्हतं, डोळ्यांत पाणी.

"काय लिहू?"

"लिव, मुलगी आजून शिकतीय. दोन वरसं काय जमनार नाय. तुमी खुशाल दुसरीकडं बघा."

मी वर पाहिलं. "पण बाबा, मंजुरी कुठे आलीय?"

"येईल. नाय आली तर तुला कर्जतला धाडतो, गाडीनं. पोरांच्या शाळेत बसवतील का ते इचारून आलोय मी परवा." ते तंबाखू मळत होते, माझ्याकडे न बघता. "तो शेलूचा पोरगा बी बघून आलो. त्याच्या हातून बैल सुटला, कुंपनात शिरला, तर म्हनतो दावं खराब. मग म्हनतो बैल खराब. शेवटी म्हनतो बा नं हाक मारली म्हनून. साऱ्या गावाचं नाव घेतलं, आपलं तेवढं नाय." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "तुला तिथं धाडलं तर रोज भांडनं. त्या मानसांचं वाटोळं कशाला करायचं?"

"आता भावकीला काय सांगणार तुम्ही? मी लिहिते ते चुकतं म्हणून?"

"सांगंन, चुकतं. सांगनार काय दुसरं? सगळ्या नेरळानं ऐकलंय, फलाटापातुर." आणि मग बाबा हसायला लागले. इतके दिवस दाबून ठेवलेलं हसू ते, थांबेचना. आई आतून पीठ लागलेल्या हातांनी धावत आली, काय झालं म्हणून. "आबाजीला म्हनली, काका, जरा उठा!" बाबांनी आईला सांगितलं, डोळे पुसत. "सरपंचाला! बोर्डाच्या सायबापुढं!"

मी कार्ड लिहिलं. अक्षर पुन्हा माझं होतं, सरळ. बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं, मग म्हणाले, आताच्या आता पेटीत टाकून ये, उद्या माझं मन फिरायला नको. मी अनवाणीच धावले. पोस्टमास्तर दाराला कुलूप लावत होते. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "नाही गं बाई, आजही नाही आलं!"

"येऊ दे सावकाश," मी म्हटलं आणि कार्ड पेटीत टाकलं.